आगाशे काकांचा स्वतःचा पंखा

माणसाची संस्कृती तो बंद पडलेल्या वस्तूशी कसा वागतो यावरून ओळखावी, असं आगाशे काकांचं मत आहे. हे मत ते स्टुलावर उभं राहून, मान वर करून आणि हातात टेस्टर धरून मांडतात, त्यामुळे त्याला आपोआप उंची येते. स्टूल त्या वेळी मी धरलेलं असतं. त्याचा एक पाय आखूड आहे. अशा स्थितीत संस्कृतीवर वाद घालू नये, एवढी समज मला बँकेतल्या नोकरीने दिलेली आहे.

काकांची ओळख पटायला वेळ लागत नाही. ते कोणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघतात आणि मग माणसांकडे. माणसं बरी आहेत का, हे विचारायचं त्यांना कधीकधी राहून जातं. पंखा बरा आहे का, हे त्यांना उंबऱ्यातच कळतं.

बँकेने माझी बदली पुण्याहून कोलकात्याला केली आणि आम्ही बेहालातल्या या इमारतीत राहायला आलो, त्या दिवशीची गोष्ट. अर्धं सामान खाली होतं, अर्धं जिन्यात. माझी बायको मीनल रिकाम्या हॉलमध्ये एका खोक्यावर बसली होती आणि आपण इथे नेमके का आलो, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात उघड्या दारातून एक उंच, वाळकेसे, पांढरी बंडी घातलेले गृहस्थ सरळ आत आले. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. हॉलच्या मधोमध उभे राहिले, मान वर केली आणि मराठीत म्हणाले, "कण्हतोय."

परक्या शहरात पहिल्याच दिवशी मराठी शब्द कानावर पडला म्हणून मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना ते दिसलं नाही.

"जरा बटण बंद करता?" ते मला म्हणाले. "आणि स्टूल कुठल्या खोक्यात आहे बघा. नसेल तर राहू द्या, मी माझं आणतो."

आमचं आडनाव देसाई आहे, हे त्यांनी चार-पाच भेटींनंतर विचारून घेतलं. तोपर्यंत त्यांच्या लेखी आम्ही 'खालचा कण्हणारा' होतो.

तळमजल्यावरच्या मित्रबाबूंचे वडील वारले तेव्हा काका आणि मी भेटायला गेलो होतो. खोलीत दहा-बारा माणसं माना खाली घालून बसलेली. एकटे काका चेहरा वर करून, डोळे न मिटता, छताकडे बघत होते. मित्रबाबूंना गहिवरून आलं. एवढ्या तन्मयतेने परलोकाकडे पाहणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. थोड्या वेळाने काका माझ्या कानाशी वाकले.

"पंख्याची वरची वाटी सैल आहे. आत्ता सांगितलेलं बरं दिसेल?"

"नाही."

"मग श्राद्धाच्या दिवशी सांगू."

आणि सांगितलं. जेवणं झाल्यावर, पान खाऊन, स्टूल घेऊन.

काकांची सगळी नोकरी खिदिरपूरला, गोदीतल्या एका कचेरीत झाली. तरुणपणी आले आणि राहिले. निवृत्त झाल्यावर इथली मराठी माणसं सहसा पुण्या-ठाण्याकडे परततात. ती तिकडे आधीच एखादा फ्लॅट घेऊन ठेवतात आणि इथे असेपर्यंत त्याच्या बाल्कनीबद्दल बोलत राहतात. काका परतले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुण्यात पंख्यांना काम काय? पुण्यातला पंखा हौशी कलाकार. वर्षातून दोन प्रयोग करतो. इथला पंखा नोकरी करतो, देसाई. पेन्शन नसलेली नोकरी."

पंखा 'गेला' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातला माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला "नोतून किने निन", म्हणजे नवीनच घेऊन टाका, असं सांगतो. काका त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडतात. मीनल एकदा बोलून गेली, "काका, स्वयंपाकघरातला पंखा गेला हो." काका जिन्यातच थांबले.

"गेला म्हणायचं नाही. अडलाय म्हणा."

"बरं, अडलाय."

"आता कसं. गेलेल्याचं आपण काही करू शकत नाही. अडलेल्याचं करू शकतो."

त्यांच्या पिशवीत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रंगाऱ्याचा मऊ ब्रश, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि एक बाटली रॉकेल असतं. आजकाल रॉकेल सहजासहजी कुठे मिळत नाही. काका ते कुठून आणतात हे विचारायचं नाही, असा आमच्या इमारतीत संकेत आहे. काम झालं, पंखा फिरू लागला की खाली उभे राहून ते दोन-तीन मिनिटं बोलतात. विषय बहुधा घर्षण हा असतो, पण उदाहरणं कुठूनही येतात. एकदा मी त्यात जगाचा उदयास्त ऐकला आहे. घरातल्यांनी तेवढा वेळ उभं राहायचं. वारा येत असतो, त्यामुळे कोणाला फारसं जड जात नाही.

या सगळ्याला इतकी वर्षं ज्यांनी साथ दिली, त्या सुधाकाकू. इथे थोडा खुलासा करायला हवा. बंगालीत काका-वयाच्या पुरुषाला 'काकू' म्हणतात. त्यामुळे इमारतीतली बंगाली मुलं आगाशे काकांना काकू म्हणतात, आम्ही सुधाकाकूंना काकू म्हणतो, आणि जिन्यात कोणी "काकू!" अशी हाक मारली की वरून दोन्ही माना बाहेर येतात. काकू बुटक्या, चपळ, बोलायला धारदार. त्यांची बंगाली काकांपेक्षा कितीतरी चांगली आहे. मासळीवाल्याशी घासाघीस करून करून ती झाली, असं त्या सांगतात, आणि घरात मासे शिजत नाहीत हेही सांगतात. "भाव करायला खावं कशाला लागतं?"

काकांच्या कीर्तीबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं. "अख्ख्या बेहालाला वारा घालतात हे. आमच्याकडे मी पदराने घालून घेते."

ते खरंच होतं. त्यांच्या झोपायच्या खोलीतला पंखा कित्येक महिने कुरकुरत होता. संसार मांडला तेव्हा घेतलेला जुना, जड पंखा. काकांनी तो कधी उघडला नव्हता. काकू म्हणायच्या, "अहो, आपला बघा ना." काका म्हणायचे, "उद्या. पाच मिनिटांचं काम आहे." आणि मित्रबाबूंच्या मेव्हण्याचा पंखा उतरवायला निघून जायचे.

फाल्गुन संपत आला तसं काकूंनी ते काम हातात घेतलं. त्यांच्या फडताळात मोहरीच्या तेलाची एक बाटली पडून होती. इथल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक बाटली असते. नवीन आल्यावर उत्साहाने आणायची, एकदा त्यात बटाट्याची भाजी करायची, घरभर नाकं झोंबली की बाटली मागच्या रांगेत जाते आणि बदली होईपर्यंत तिथेच राहते. फेकवत नाही आणि वापरवत नाही. काका घरी नसताना काकू स्टुलावर चढल्या, पंख्याच्या वरची वाटी सरकवली आणि ते तेल दांड्याच्या कडेने आत सोडलं. पंखा आठवडाभर मुकाट्याने, सुंदर फिरला. मग एका दुपारी थांबला, तो थांबलाच.

एवढ्यावर भागलं असतं. पण पाडवा आला.

गुढीपाडव्याला आम्ही इथली आठ-दहा मराठी घरं आगाश्यांकडे जमतो, कारण गुढी नीट दिसेल अशी बाल्कनी त्यांचीच आहे. जेवणाआधी कोणीतरी झोपलेलं तान्हं बाळ आतल्या खोलीत ठेवायला गेलं आणि तिथून ओरडलं, "काका, तुमचा पंखा चालत नाहीये!"

हॉलमध्ये शांतता पसरली. डॉक्टरच्या घरी गेलं आणि आतल्या खोलीत पेशंट तसाच पडलेला दिसला, तर पसरेल तशी. काकांची आयुष्यभराची इभ्रत त्या एका क्षणी छताला अडकून पडली होती. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्याचं काय झालंय, आमच्या हिने त्याला फोडणी दिली."

"म्हणजे?"

"मोहरीचं तेल ओतलं! खाद्यतेल! वरून थोडा लसूण टाकला असता तर पंगतीला वाढता आला असता."

सगळे खदाखदा हसले. काकांना हुरूप आला. खाद्यतेल आणि यंत्राचं तेल यांतला फरक त्यांनी सविस्तर सांगितला, बायकांच्या यंत्रांबद्दलच्या समजुतींवर थोडं बोलले, आणि 'चिकट' या शब्दावर बराच वेळ थांबले. काकूही हसत होत्या. मग त्यांनी श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि दुसऱ्यांदा वाढायला निघाल्या. मला वाढलं, पलीकडच्या वाटीत वाढलं. मधली काकांची वाटी सोडून दिली. काका बोलत होते. चमचा रिकाम्या वाटीच्या तळाला लागला तेव्हा त्यांनी एकदा खाली बघितलं, आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

मीनल घरी येताना जिन्यात म्हणाली, "आता काही खरं नाही."

पुढच्या आठवड्यात काकू पुण्याला मुलीकडे गेल्या. नातीची परीक्षा होती. परीक्षा संपली. निकाल लागला. नात वरच्या वर्गात जाऊन बसली. काकू पुण्यातच. मीनलने फोनवर विचारलं, "काकू, कधी येताय?" तर म्हणाल्या, "येते की. आमचा पंखा फिरायला लागला की येते. विचार त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे."

हे मीनलने काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका हसले. "हिचं काहीतरीच. उद्या करतो."

तो उद्या वैशाखातही उगवला नाही. त्या दिवसांत काकांनी इमारतीतला एकही पंखा सोडला नाही. बिघडलेले संपले तेव्हा ते चांगल्यांकडे वळले. आमचा हॉलमधला पंखा, ज्याची काहीही तक्रार नव्हती, तो त्यांनी दोनदा उतरवून साफ केला. पहिल्यांदा 'खबरदारी' म्हणून आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळी काही राहिलं का ते बघायला. संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला ते "जरा आवाज ऐकून जातो" म्हणून यायचे. पंखा आवाज करत नसे. मीनल एक ताट जास्त मांडायची. काका पंख्याखाली बसून जेवायचे आणि जाताना म्हणायचे, "ठीक आहे. उद्या परत बघू."

त्यांची गादी हॉलमध्ये आली होती. झोपायच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. तिथे उकाड्यात बसवत नाही, हे कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

मीनलने मला सांगितलं, "तुम्ही बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"हेच, की दुसऱ्यांचे पंखे पुरे झाले."

मी बोललो नाही. ज्या विषयावर समोरच्याची मतं ठाम आहेत आणि माझं स्टूल धरण्यापलीकडे काही योगदान नाही, त्या विषयात मी पडत नाही. पण एका शनिवारी जेवून झाल्यावर काका दारातून परत फिरले.

"देसाई, उद्या सकाळी मोकळे आहात का? एक हात हवाय."

"कोणाकडचा पंखा?"

"आमच्याकडचाच," ते म्हणाले. "जड आहे. एकट्याने उतरत नाही."

रविवारी सकाळी मी वर गेलो तेव्हा काकांनी खोलीची खिडकी उघडून जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. मेन स्विच बंद केला. आधी तिन्ही पाती सोडवली, मग वरच्या वायरी, मग मी खालून पंख्याचा भार घेतला आणि त्यांनी हुकातली पिन काढली. तो खरोखरच जड होता; एखाद्या झोपलेल्या मुलाला उचलून आणावं तसा मी तो खाली ठेवला. काकांनी मोटरचे स्क्रू काढले, सांध्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलके हलके ठोकलं. बराच वेळ काही झालं नाही. मग दोन्ही झाकणं सुटली आणि खोलीत मोहरीचा घमघमाट पसरला.

जिन्यातून गच्चीवर निघालेले मित्रबाबू दारात डोकावले. "की रान्ना होच्छे?" त्यांना वाटलं, आज काहीतरी खास शिजतंय.

"पाखा," काका म्हणाले. पंखा. मित्रबाबूंनी थोडा विचार केला आणि ते गेले.

आतमध्ये काळ्या धुळीचे थर होते. काकांनी ब्रशने तांब्याच्या तारांची गुंडाळी झटकली. तिला रॉकेलचा थेंबही लागू द्यायचा नाही, हे त्यांनी मला नेहमीप्रमाणे बजावलं. मग बेअरिंगं. अशा पंख्याला दोन असतात, दांड्यावर वर एक आणि खाली एक. त्यांपैकी कुठलंही एक अडलं की पंखा अडतो. काकांनी वरचं हातात घेतलं. यातच काकूंनी सोडलेलं तेल गेलं होतं. ते चिकट झालं होतं, पिवळट दिसत होतं. त्यांनी बोटाने त्याची कडी फिरवली.

ती फिरली.

काकांनी परत फिरवली. परत फिरली. आनंदाने नव्हे, पण फिरत होती.

त्यांनी ते खाली ठेवलं आणि खालचं बेअरिंग घेतलं. त्यात तेलाचा मागमूसही नव्हता. जुनं ग्रीस वाळून करपलेल्या पिठल्यासारखं घट्ट बसलं होतं आणि त्याखाली गंज. काकांनी अंगठ्याने जोर लावला. मग चिंधी गुंडाळून दोन्ही हातांनी लावला. ते दगडासारखं होतं.

आता मला यंत्रातलं काही कळत नाही. पण इतक्या पंख्यांखाली उभा राहिल्यामुळे एवढं कळलं की वरून घातलेलं तेल इथपर्यंत पोचणारच नव्हतं, आणि हे बेअरिंग वर्षानुवर्षं कोणी न उघडल्यामुळे अडलं होतं. पंखा उघडण्याचं काम या घरात कोणाकडे होतं, हेही मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"तेलाचा दोष नाही," काका म्हणाले.

"नसेल."

"उलट तेलामुळेच शेवटचा आठवडा चालला. वरचं मोकळं झालं, म्हणून खालच्याने रेटलं तेवढं." त्यांनी चष्मा काढून बंडीला पुसला. "बरोबर जागी घातलं होतं तिने. वाटी सरकवून, दांड्याला लावून. भले भले मोटरवर ओततात. इतकी वर्षं स्टूल धरताना बघत असणार."

 काकांनी एका वाटीत रॉकेल ओतलं आणि बेअरिंग त्यात बुडवलं. आम्ही दोघं त्या वाटीकडे बघत बसलो. खालून आईस्क्रीमवाल्याची हाक आली, गेली.

"काका," मी म्हटलं, "हे आधीच का नाही उघडलंत? पाच मिनिटांचं काम होतं."

एरवी या प्रश्नावर मला घर्षणाबद्दल तरी ऐकायला मिळालं असतं. काकांनी वाटी थोडी हलवली.

"पंखा बंद आहे तोवर ती पंख्यामुळे आलेली नाही," ते म्हणाले. "आणि पंखा फिरला, तरी नाही आली, तर?"

हे त्यांनी बेअरिंगकडे बघून विचारलं.

दुपारपर्यंत ते चाललं. रॉकेल काळं झालं की ओतायचं, नवीन घ्यायचं, ब्रशने घासायचं, परत बुडवायचं. डब्यात नवीन बेअरिंग होतं. मी ते दाखवलं तर काकांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. "अडलंय नुसतं." शेवटी एकदा कडी किंचित सरकली. मग खरखरत अर्धा फेरा. मग पूर्ण. काकांनी ती कानाशी धरून फिरवली, परत धुतली, परत फिरवली. होता होता आवाज मऊ झाला. दोन्ही बेअरिंगं पुसून त्यांनी बोटाने ताजं ग्रीस भरलं, कपाळाला थोडं लागलं, आणि मोटरची झाकणं परत बसवली. तिला हातानेच एक झोका दिला तर ती किती तरी वेळ नुसतीच फिरत राहिली.

पंखा वर चढवला. काकांनी वायरी जोडल्या, पाती लावली, वाटी सरकवली, खाली उतरून मेन स्विच चालू केला. देवघरातली पेटती उदबत्ती आणून स्टुलाच्या फटीत खोचली. मी भाषणासाठी नीट उभा राहिलो.

"लावा," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. पंखा हलला, दचकल्यासारखा झाला आणि फिरू लागला. जराही आवाज नाही. पात्यांची एक पांढरी तबकडी झाली. काका वर बघत होते आणि भाषण करत नव्हते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला दिला. "ते चित्र दिसणारं लावून द्या हो जरा. मला जमत नाही."

मी व्हिडिओ कॉल लावला. काकू पुण्यात भाजी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय हो देसाई, सगळं ठीक ना?" त्या 'सगळं'मध्ये थोडी काळजी होती. मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, फोन उलटा वळवून पंख्यासमोर धरला आणि तसाच धरून उभे राहिले. हात लांब, मान वर.

"अगं," काका फोनच्या पाठीकडे बघत म्हणाले, "तेल बरोबर जागी पडलं होतं."

"माहीत आहे मला. मीच घातलं होतं."

"खालचं बेअरिंग अडलं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

मी काकांना इतकी वर्षं ओळखतो. 'माझ्याकडून' हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काकूंनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. मी हळूच दाराकडे सरकलो. अशा वेळी परक्या माणसाने खोलीत असू नये.

"अहो," काकूंचा आवाज आला. आता तो अगदी मऊ होता. "जरा स्थिर धरा बघू."

काकांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"उलटा फिरतोय हो तो."

"काय?"

"पंखा. उलटा फिरतोय."

काका क्षणभर गडबडले. "फोनमध्ये उलटं दिसतं," ते म्हणाले.

"कॅलेंडर सरळ दिसतंय मागचं."

आम्ही दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ते हललंही नव्हतं. मग मी पंख्याखाली हात धरला. काकांनीही धरला. उदबत्तीचा धूर न विस्कटता सरळ वर जात होता, घाईने. कंडेन्सरच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या की असा पंखा उलट दिशेने फिरतो, हे मला काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. एरवी सोडताना ते एका वायरीला खुणेचा दोरा बांधतात. आज राहिला होता.

"आता तुम्ही हात लावू नका त्याला," काकू म्हणाल्या. "मी येते आणि बघते."

"कधी?" काकांनी फोन स्वतःकडे वळवून विचारलं.

"तिकीट मिळालं की. आणि जेवलात का? कपाळाला काय लागलंय ते?"

"ग्रीस," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी स्टूल सरळ केलं आणि मेन स्विचकडे वळलो. "दोन वायरींची तर गोष्ट आहे. घेऊ या करून."

"नको," काका म्हणाले. "तिने हात लावू नका म्हणून सांगितलंय."

काकूंना तिकीट पुढच्या आठवड्यातलं मिळालं. काकांनी त्याच संध्याकाळी हॉलमधली गादी उचलून आतल्या खोलीत नेली आणि काकू येईपर्यंत रोज त्या पंख्याखाली झोपले. सकाळी दूध घ्यायला खाली यायचे तेव्हा बंडी पिळून काढावी इतकी भिजलेली असायची. मीनलने विचारलं, तर पंखा उत्तम चाललाय म्हणाले. ते खरंच होतं. फक्त वारा छताला लागत होता.